टँकरचा नारळ

पाणी सुटलं आणि विहिरीचा काठ गेला. माझ्या हातात नुकत्याच फोडलेल्या नारळाची दोन भकलं होती.

काठावर बाया उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून, प्रत्येकीच्या हातात दोर आणि घागर. त्यांतल्या मधल्या तिघी दिसेनाशा झाल्या. पडताना त्या ओरडल्या नाहीत. ओरडलो आम्ही, वर राहिलेल्या. खालून दगड कोसळल्याचा आवाज आला, धूळ वर आली, आणि त्या धुळीत टँकरचा नळा पाणी ओततच होता.

"वाल बंद कर बे! ए, वाल बंद कर!" माझा दीर ड्रायव्हरवर ओरडला. ड्रायव्हर घाबरून वाल उलटा फिरवत होता, त्यानं पाणी आणखीच जोरात आलं. शेवटी दिरानं त्याला बाजूला ढकललं आणि स्वतः वाल बंद केला.

मग खालून एक आवाज ऐकू आला. बाईचा होता. कोणाचा ते कळेना.

मी पुढं जायला लागले तर लोकांनी दंडाला धरून मागं ओढलं. "आमदारबाई, तुमी नगं जाऊ. काठ अजून ढासळायलाय."

मी त्या भागाची आमदार होते. गाव माझं स्वतःचं होतं आणि टँकर मीच आणला होता. बाया दोन तास उन्हात उभ्या होत्या त्याही माझ्यामुळंच. आमदार येऊन नारळ फोडेपर्यंत वाल उघडायचा नाही, असं गावानं ठरवलं होतं आणि मी तालुक्याच्या मीटिंगमध्ये अडकले होते. तोंड कोरडं पडलेली माणसं पाण्यानं भरलेल्या टँकरशेजारी दोन तास उभी राहिली. टँकरला घातलेला हार सुकला म्हणून कोणी त्यावर पाणी मारा म्हणालं, तर दुसरा म्हणाला, आधी नारळ फुटू द्या.

खाली पडलेल्यांत एक माझी धाकटी जाऊ होती. दुसरी कुंभाराची सून, धारूरकडची, सातवा महिना चालू असलेली. तिसरी एक म्हातारी विधवा. तिला घरात कोणी नव्हतं म्हणून पाण्याला स्वतःच यावं लागायचं.

हे कशामुळं झालं ते मला नीट माहीत आहे, कारण त्यातलं बरंचसं मी केलं आहे.

मी चौथी शिकले. आमचं गाव दिंद्रुडच्या रस्त्याला. नवरा आधी गावच्या सोसायटीचा चेअरमन होता, मग दूध संघाचा. त्याला राजकारणाची आवड होती, मला नव्हती. तो छातीत दुखून एका दुपारी गेला आणि पुढच्याच वर्षी निवडणूक आली. संघात दोन गट होते. हा त्याला तिकीट मिळू देईना, तो ह्याला. शेवटी दोघं मिळून माझ्याकडं आले. "वैनी, तुमी नुसतं उभ्या ऱ्हावा. बोलायचं काम आमी करू." त्या दोन गटांचं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं होतं, की ही बाई काही बोलणार नाही. मी निवडून आले. दूध संघ दिराकडं गेला, मुंबई माझ्याकडं आली.

मला दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मी मुंबईला असले की घर जाऊ सांभाळायची. ती शाळेत गेली नव्हती, पण माझ्या कामाचा अर्धा भाग तिनं उचलला होता. अंगणात माणसं यायची. कोणाला बदली पाहिजे, कोणाला संघात नोकरी, कोणाच्या पोराला आश्रमशाळेत जागा. ही ओट्यावर बसून म्हणायची, "आमदार मुंबईला गेल्यात. मी हाय. बोला." अर्ज घेऊन दोन ढिगांत ठेवायची. मी आले की सांगायची, "ह्ये रडनाऱ्यांचे. ह्ये वरडनाऱ्यांचे. आधी ह्ये वाचा." पहिल्या ढिगात कधी चुकीचा अर्ज निघाला नाही. ओरडणारे तसेही तालुक्याला जाऊन आपलं काम करून घ्यायचे.

मुंबईत आमदार निवासात मला एक खोली होती, पण मी तिथं पाहुण्यासारखीच राहायचे. जिल्ह्यातून कोणी मोठ्या दवाखान्यात आलं की मुक्काम माझ्याकडं. पलंगावर पेशंट, खाली त्याचे नातेवाईक, आणि दाराजवळ मी. दहा-बारा माणसांचं पिठलं आणि भाकरी करून मी अधिवेशनाला जायचे. एकदा शिपाई म्हणाला, "बाई, इथं स्वयंपाक करायला मनाई आहे." मी म्हटलं, "मग ह्यांना तू जेवू घाल." त्यानं पुन्हा हटकलं नाही. एका पेशंटच्या बापाला तिथला नळ फार आवडला होता. तो दिवसातून चार वेळा हात धुवायचा आणि बंद करताना नळाकडं बघत राहायचा.

सभागृहात पहिले तीन-चार महिने मी गप्प होते. कागद फार यायचे. मी बोट ठेवून वाचायचे, त्याला वेळ लागायचा. शेजारच्या बाकावर एक वयस्कर सदस्य बसायचे. त्यांनी मला काम शिकवलं. प्रश्न आधी लेखी द्यायचा. सरकार लेखी उत्तर देतं. आपला नंबर आला की उभं राहायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारायचा. "लांब बोलू नका," ते म्हणाले. "लांब बोललात की मंत्र्याला मधलंच काहीतरी धरून उत्तर द्यायला सोपं जातं." मला लांब बोलता येतच नव्हतं, त्यामुळं ते जमलं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. आदल्या वर्षीही कमीच होता. साखर कारखाना महिना-दीड महिना चालला आणि थांबला. ऊस जनावरांना घातला, मग जनावरं छावणीत नेऊन बांधली. दुधाचं संकलन इतकं खाली आलं की संघाचा टँकर आठ-आठ दिवस उभा राहायचा. रोजगार हमीवर माणसं रस्त्याला खडी टाकत होती. मी गावोगाव हिंडत होते. प्रत्येक गावात मला विहिरीवर नेऊन खाली बघायला लावायचे. मी वाकून बघायचे. बघून काही होत नव्हतं, पण नाही बघितलं तर लोकांना राग यायचा.

माझ्या गावात विहिरी तीन. मारुतीजवळची, पाटलाच्या मळ्याच्या वाटेवरची, आणि वेशीबाहेरची मोठी दगडी. तिन्ही मी वाकून बघितल्या होत्या. मग मी प्रश्न दिला. अमुक गावात पिण्याच्या पाण्याची एकही विहीर चालू नाही हे खरे आहे काय, असल्यास टँकर देण्याबाबत शासनाने काय कार्यवाही केली. भाषा शेजारच्या सदस्यांनी घालून दिली होती, मजकूर माझा.

उत्तर आलं. पहिल्याला "नाही". दुसऱ्याला "गावातील एका विहिरीस पुरेसे पाणी आहे, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही".

माझं डोकं फिरलं. नंबर आला तशी मी उभी राहिले.

"अध्यक्ष महाराज, हे उत्तर खोटं आहे. माझं गाव आहे. तीन विहिरी आहेत आणि तिन्हींत मी स्वतः वाकून बघितलंय."

मंत्री चांगला माणूस होता. हसून म्हणाला, "सन्माननीय सदस्यांना विहिरीत काय दिसलं?"

"एकीत बेडूक होता. मागच्या आठवड्यात तोही मेला."

सभागृह हसलं. मी हसले नाही. मी म्हटलं, "दूध संघाचा टँकर उभा आहे. दूध नाही. त्यातनं पाणी आणायची परवानगी द्या. सरकारनं नवीन काही द्यायची गरज नाही. आणि हे उत्तर ज्यानं लिहून पाठवलं त्याला विचारा, कोणती विहीर बघितली म्हणून."

मंत्र्यानं तिथंच सांगितलं, परवानगी देतो आणि चुकीची माहिती देणाऱ्याची चौकशीही करतो. बाकं वाजली. बाहेर आल्यावर शेजारचे सदस्य म्हणाले, "बाई, एवढ्या लवकर कोणाचं काम होत नाही इथं." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

गावाकडं आले तर दुसऱ्याच दिवशी तलाठी आला. त्याला नोटीस निघाली होती. तो ओट्याखाली उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

"बाई, माझ्याच रिपोर्टावरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर गेलतं."

"मग खोटं कावून लिहिलंस?"

"खोटं न्हाई लिहिलं. ओढ्यापलीकडच्या विहिरीला पानी हाय."

"ती वस्तीची विहीर."

"वस्ती गावातच हाय की, बाई. माझ्या दप्तरात तरी हाय."

ओढ्यापलीकडं बौद्धांची वस्ती. त्यांनी धर्म बदलला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी मतं मागायला तिथं गेले होते, जयंतीला हार घालायला गेले होते. तिथं विहीर आहे हे मला माहीत होतं. पण गावात विहिरी किती म्हणून कोणी विचारलं असतं, तर मी तीनच सांगितल्या असत्या. मी, माझ्या दिरानं, पाटलानं, कुंभारानं, सगळ्यांनी. आम्ही मोजताना ती धरतच नव्हतो. ती लपवावी असं आमच्या मनात नव्हतं. मोजताना ती डोळ्यांपुढं यायचीच नाही.

मी तलाठ्याला म्हटलं, बघते. तो म्हणाला, "बघा. माझी नोकरी हाय म्हनून सांगायलो." आणि गेला.

दुपारी मी ओढा ओलांडून गेले. विहिरीत पाणी होतं. स्वच्छ, चार-पाच पुरुष खोल असेल. वर बांबूंची यारी उभी होती. विहिरीतला गाळ वर ओढायला खांब आणि चाक लावून करतात ती. शेजारी मोठी टोपली आणि मनगटाएवढा दोर. वस्तीतली एक बाई तिथं कपडे धूत होती. माझ्याच वयाची. तरुणपणी आमच्या शेतावर खुरपायला यायची. तिचा मुलगा दिंद्रुडला शाळेत गुरुजी होता.

"जयभीम आमदारबाई. वाट चुकल्या जनू."

"हे पाणी कसं टिकलं?"

"टिकलं न्हाई, काढलं. पोरं दर आइतवारी उतरत्यात. वरीस झालं. गुर्जी सोता उतरतो. येक थर मुरूम, येक थर खडक. आखाजीला झरा लागला." तिनं लोटा भरला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या. उन्हाचं आलाव."

"आत्ताच पिऊन आले," मी म्हटलं.

तिनं लोटा खाली ठेवला. गाव कोरडं पडलं होतं आणि मी पाणी पिऊन आले म्हणत होते. तिनं पुन्हा कपडा हातात घेतला. म्हणाली, "मुंबईला सांगितलंव म्हनं, गावात पानी न्हाई."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गुर्जी पेपर वाचतो की." ती कपडा पिळत होती. "न्या की हितलं. पुरंल तितकं न्या. कोन नगं म्हनलंय? दोर घेऊन या अन् वडा."

"लोक येणार नाहीत."

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. तुमी येता का?"

मी म्हटलं, "टँकर मंजूर झालाय. आठ दिवसांत येतोय."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पुन्हा धुवायला लागली.

घरी येऊन जावेला सांगितलं. तिला यात बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. घागर उचलली आणि म्हणाली, "मंग मी जाते की तिकडं. आमदाराच्या घरची गेली म्हंजी समद्या बाया येत्यात. लई तर चार दिस कुचकुच करतील."

मी म्हटलं, "थांब."

"कावून?"

"मी तिथं उभी राहून गावात पाणी नाही म्हणाले आहे. आता तूच तिकडून पाणी आणलंस तर मंत्री टँकर काढून घेईल. आठ दिवस थांब. येतोय टँकर."

हे कारण खरं होतं. सगळं खरं नव्हतं. घरातले म्हातारे काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, पुढच्या निवडणुकीला कोण काय म्हणेल, ह्याही गोष्टी होत्या. जावेनं घागर पालथी घातली. म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी म्हनता तर थांबते." चौथीला ती शिकलेली म्हणायची.

आठाचे सतरा दिवस झाले. परवानगीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तेवढे लागले. त्या दिवसांत बाया पाटलाच्या मळ्याच्या वाटेवरच्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून पाझरणारं पाणी वाटीनं भरत होत्या. टँकर धुऊन काढायलाच दोन दिवस गेले, तरी आंबलेल्या दुधाचा वास गेला नाही. पाणी वेशीबाहेरच्या दगडी विहिरीत ओतायचं ठरलं, कारण ती सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांच्या सोयीची. वर्षभर कोरडी पडलेली विहीर. चुन्याचे सांधे सुटलेले, दगडांमागची माती आक्रसून भेगा पडलेल्या. कठडा अर्धा मागच्याच वर्षी गेला होता. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी त्याचा विचार कोणी केला नाही, मीही नाही. आम्ही सगळे पाण्याचा विचार करत होतो. दीर आणि संघाचे लोक मांडवाचा करत होते.

मी जीपमधून उतरले तेव्हा बाया काठावर दाटीनं उभ्या होत्या. जाऊ सगळ्यांच्या पुढं. मला बघून हात वर करून ओरडली, "या, या! तुमच्या नारळापायी घसा वाळला!" सगळे हसले. मी कुंकू लावलं, नारळ फोडला. ड्रायव्हरनं वाल सोडला. पाणी समोरच्या बाजूला, बाया उभ्या होत्या त्या काठाखालच्या दगडांवर आदळलं, आणि सगळ्या बाया बघायला आणखी एक पाऊल पुढं सरकल्या.

तिघी खाली गेल्यावर गावातल्या एवढ्या पुरुषांना काय करावं ते सुचेना. घागरीचे दोर बारीक, माणसाचं वजन पेलणार नाहीत. शिडी पोचणार नाही. दोरानं विहिरीत उतरायची सवय कोणालाच नव्हती, कारण आमच्या विहिरींचा गाळ काढायला आम्ही पूर्वीपासून बाहेरगावच्या वडारांना उतरवत आलो. माझा दीर काठापासून दहा हात लांब खाली बसला होता. बायकोचं नाव घेऊन हाक मारत होता. आमच्यात नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. ते नाव त्याच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

कोणी तरी म्हणालं, बीडहून बंब मागवा. कोणी म्हणालं, जीप पाठवा. तेवढ्यात ओढ्याकडून माणसं आली. वस्तीतले सात-आठ जण. यारीचे खांब खांद्यावर, दोर, टोपली. पुढं गुरुजी, धोतर वर खोचलेलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आरडाओरडा ओढ्यापलीकडं ऐकू गेला होता.

त्यांनी काठाची ढासळलेली बाजू सोडून दुसऱ्या बाजूला खांब रोवायला सुरुवात केली. आमच्या भावकीतला एक म्हातारा पुटपुटला, "ह्ये उतरनार व्हय आपल्या हिरीत?"

दीर उठला. "मंग तू उतरतोस का? उतर. न्हाईतर गप बस."

म्हातारा मागं सरकला. मला एवढ्या वर्षांत माझ्या दिराची आवडलेली गोष्ट विचारली तर मी ही सांगेन.

गुरुजी आणि दुसरा एक जण टोपलीतून खाली गेले. खालून त्यांचं बोलणं वर येत होतं. "ही जिती हाय. दम धर पोरी, हालू नगंस. दोर ढिला सोडा. आता वडा. हळू बे, हळू!" मघाचा आवाज कुंभाराच्या सुनेचा होता. ती बाजूच्या गाळावर पडली होती. हात मोडला होता. टोपलीत ती दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलेली वर आली, तोंडभर चिखल.

गुरुजींची आई, ती कपडे धुणारी, कधी आली होती कळलं नाही. कमरेवर घागर होती. तिनं त्या पोरीचं तोंड धुतलं, तिला चूळ भरायला लावली आणि पाणी पाजलं. कुंभारीण सासू शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजून दे गं तिला, आजून दे." कुठलं पाणी ते कोणी विचारलं नाही. मग घागर पुरुषांत फिरली. मीही प्यायले. तहान लागली होती.

म्हातारी दुसरी वर आली. डोक्याला खोक पडली होती, शुद्ध नव्हती, पण श्वास चालू होता. दोघींना माझ्या जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. मी गेले नाही. मी तिथंच थांबले.

तिसऱ्या वेळी टोपली बराच वेळ वर आली नाही. खाली दगड हलवल्याचे आवाज येत होते. ऊन कलायला लागलं. दीर आता हाका मारत नव्हता. मग गुरुजी एकटेच वर आले. गुडघे फुटलेले, अंगाला आंबट दुधाचा वास. ते माझ्याकडं आले, दिराकडं गेले नाहीत.

"बाई, त्या गेल्यात. वरचे दगड त्यांच्यावरच आले. वर आनतो आमी, पन आता घाई करत न्हाई. नीट आनतो."

त्यांनी नीट आणलं. टोपलीत घोंगडी अंथरून.

पुढचं थोडं आहे. गावाचा टँकर बंद झाला, कारण पाण्याची विहीर आहे हे अपघाताच्या चौकशीत सरकारला कळलं होतं. गाव ओढ्यापलीकडं जायला लागलं. पहिले दोन-तीन दिवस काही बाया लांब उभ्या राहून घागरी पुढं करायच्या, वरून ओता म्हणायच्या. गुरुजींची आई म्हणायची, "मी काय तुमची नोकर हाय? दोर तुमचा, हात तुमचे. वडा." मग ओढायला लागल्या. पाऊस आला, विहिरी भरल्या, तसे अर्धेअधिक लोक आपापल्या विहिरीवर परत गेले. काही घरं गेली नाहीत. आमचं घर गेलं नाही.

पावसाळी अधिवेशनात दुसऱ्याच एका सदस्यानं त्या अपघातावर प्रश्न विचारला. मंत्री उत्तर देत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "अध्यक्ष महाराज, मागच्या वेळी मी ह्या सभागृहात चुकीचं बोलले. माझ्या गावात पाण्याची विहीर होती. तलाठ्याचं उत्तर बरोबर होतं."

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या भावना सभागृहाला समजल्या आहेत. बसावं."

"भावना नाहीत, महाराज. चूक आहे. ती लिहून घ्या."

लिहून घेतली की नाही ते मला माहीत नाही. तलाठ्याची नोटीस मात्र मागं घेतली, त्यासाठी मला मंत्रालयात तीन वेळा जावं लागलं. पुढच्या निवडणुकीला मला कोणी तिकीट दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. दिरानं दुसरं लग्न केलं नाही. अर्जांचे दोन ढीग कोणी करत नव्हतं, मी सगळे एकाच पिशवीत ठेवायचे आणि मग हवा तो सापडायचा नाही.

कुंभाराच्या सुनेला दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. तिचा हात थोडा वाकडा राहिला, पण चाकावर बसून काम करण्याएवढा सरळ झाला. म्हातारीला डाव्या कानानं ऐकू येईना, बाकी ती ठीक होती, आणि पुढं बरीच वर्षं स्वतःचं पाणी स्वतःच आणत राहिली. विहिरीत पडलेल्या तिघींपैकी त्या दोघी जगल्या.